खुळेपणाला दंडवत

उत्तर आयर्लंडच्या फर्मॅना परगण्यात बेल्कू नावाचं एक छोटं गाव आहे, दोन तळ्यांच्या मधोमध वसलेलं. गावाच्या टोकाला पूल आहे आणि तो ओलांडला की देश बदलतो. अलीकडे ब्रिटनचा अंमल, पलीकडे आयर्लंडच्या प्रजासत्ताकातलं ब्लॅकलायन. २०१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर बेल्कूतल्या एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानाचं रूप पालटलं. आत एक खिळाही न ठोकता रिकाम्या काचेवर एक मोठं रंगीत चित्र चिकटवण्यात आलं. चित्रातलं दुकान भरलेलं होतं, मांसाचे तुकडे नीट मांडून ठेवलेले, धंदा तेजीत. जवळचा दुसरा एक मोकळा गाळा अशाच चित्राच्या जोरावर कागद-फायली-पेनांचं दुकान झाला. गाडीतून जाणाऱ्याला दोन-चार सेकंद वाटावं की इथं माणसं सकाळी बाहेर पडतात, रात्रीच्या जेवणासाठी मांस घेतात, पोराला वही घेतात आणि घरी जातात.

गाडीतून जाणारे साधेसुधे नव्हते. १७ आणि १८ जूनला तिथून काही मैलांवर, लॉख अर्नच्या काठावरच्या गोल्फ रिसॉर्टमध्ये जी-८ देशांची शिखर परिषद भरायची होती. ओबामा येणार, पुतिन येणार, मर्केल येणार. यजमान ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमरन. त्यांच्या वाटेवर बंद दुकान दिसू नये म्हणून चित्रातलं दुकान उघडलं.

बातमी बाहेर आली आणि जग हसलं. मला ते हसणं पटत नाही. बेल्कूच्या त्या काचेला मी मनापासून हात जोडतो. का जोडतो, ते सविस्तर सांगणं भाग आहे, कारण खुळेपणाची बाजू मांडायला कुणी उभं राहत नाही आणि शहाणपणाला मात्र वकिलांची कधीच वाण पडत नाही.

त्या दुकानाला टाळं कसं लागलं, याचं शहाणं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. २००८ नंतर आयर्लंडच्या दोन्ही बाजूंना घरबांधणीचा फुगा फुटला. सरहद्दीच्या या पट्ट्यात तर धक्का दुहेरी बसला. जवळच्याच डेरिलिनमधले शॉन क्विन एके काळी आयर्लंडमधले सर्वांत श्रीमंत गृहस्थ मानले जात. त्यांच्या सिमेंट, काच आणि विम्याच्या कारभारावर इथल्या हजारो घरांच्या चुली पेटत होत्या. २०१२ च्या जानेवारीत डब्लिनच्या न्यायालयानं त्यांना दिवाळखोर ठरवलं. हातात पैसा नाही म्हटल्यावर माणूस आधी गावातल्या दुकानाकडे पाठ फिरवतो आणि शहरातल्या मोठ्या बाजारात आठवड्याचं सामान एकदम भरतो. शहाणपण हे सगळं बरोबर सांगतं, कोष्टक मांडून सांगतं. शेवटी म्हणतं, एवढ्याशा लोकवस्तीला खाटकाचं दुकान परवडणारच नाही. मग वही मिटून निघून जातं. बेल्कूत शहाणपण इतकंच करू शकत होतं आणि तेवढं त्यानं केलं.

खुळेपणा मात्र शिडी, ब्रश आणि पाण्याचा फवारा घेऊन आला. परिषदेच्या आसपासच्या शंभरावर जागा धुतल्या गेल्या, रंगवल्या गेल्या, सारवासारव करून उभ्या केल्या गेल्या. या रंगसफेदीवर सुमारे ३ लाख पौंड खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. अर्धवट सोडलेल्या काही बांधकामांपुढे निसर्गदृश्यांचे मोठमोठे फलक उभे राहिले. फर्मॅनात निसर्गाची टंचाई नाही. तिथले लोक म्हणतात, वर्षातले सहा महिने तळी फर्मॅनात असतात आणि उरलेले सहा महिने फर्मॅना तळ्यांत. अशा मुलखात कुणीतरी उठून निसर्गाचीच चित्रं लावली. यात मला आपलेपणा दिसतो. आपल्या घरचं जे उत्तम आहे तेच पाहुण्याला दोनदा वाढावं, तसा तो आग्रह आहे.

आता त्या चिकटवलेल्या दुकानाकडे नीट पाहू. गावाचं काय हरवलंय याचा शोध घ्यायला सरकारं सर्वेक्षणं काढतात, सल्लागार नेमतात, अहवालांचे गठ्ठे बांधतात. त्या अहवालांतून पर्यटन माहिती केंद्र निघतं, कौशल्य विकास केंद्र निघतं, कधी नवउद्योजकांसाठी सामायिक कार्यालय निघतं. ज्या माणसानं काचेवर कुठलं चित्र लावायचं ते ठरवलं, त्याच्यापुढे यातला एकही अहवाल नसावा. त्याला फक्त एवढं हवं होतं की गाव नांदतं दिसावं. मग त्यानं काय निवडलं? मॉल नाही, कॅसिनो नाही, काचेचा मनोरा नाही. खाटिक आणि कागद-पेनांचं दुकान. रोज लागणारी, गावाच्या हाकेवरची दोन दुकानं. गावाला काय हवं याचा इतका नेमका, इतका नम्र आराखडा एरवी कुणी केल्याचं मला दिसत नाही. आणि तो खऱ्या आकारात, खऱ्या जागेवर, रस्त्यावर लावून दाखवला. त्या खोट्या चित्रात गावाची खरी मागणी लिहिलेली होती. ती वाचणारा माणूस त्या गाड्यांमध्ये नव्हता, हा काही चित्राचा दोष नाही.

रिकाम्या काचेसमोरून रोज जाणं काय असतं, हे जिथं रस्त्यावरच्या दुकानांपैकी तीन-चार बंद आहेत अशा गावात राहणाऱ्यालाच कळतं. धूळ बसते, आत पडलेली जुनी बिलं पिवळी पडतात, दाराखालून पत्रकं सरकवलेली तशीच राहतात. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू लोकांना तिथं काही होतं याचीच आठवण राहत नाही. चित्रानं निदान कबूल केलं की इथं दुकान असायला हवं होतं. वर्षभर जे कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडून निघालं नाही, ते काचेवर रंगीत अक्षरांइतकं स्पष्ट उमटलं.

परिषदेची जागा तर याहून मोठा धडा देणारी. ३ कोटी पौंड खर्चून उभारलेलं ते रिसॉर्ट मे २०११ पासून कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात होतं. म्हणजे जगातल्या सर्वांत धनाढ्य अर्थव्यवस्थांचे प्रमुख एका बुडालेल्या हॉटेलात राहायला आले. शहाणपणाला विचारलं असतं तर त्यानं नाक मुरडलं असतं. पण दिवाळखोरी काय असते हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तिच्या पलंगावर दोन रात्री झोपून पाहावी, यासारखं शिक्षण नाही. नेत्यांनी टाय काढून ठेवले. कॅमरन पहाटे तळ्यात पोहून आले. आणि दुसऱ्या दिवशी जाहीर झालेल्या लॉख अर्न घोषणापत्रात एक मुद्दा असा होता की कंपन्यांचे खरे मालक कोण आहेत हे कळलं पाहिजे आणि करवसुली करणाऱ्यांना ती माहिती सहज मिळाली पाहिजे. मुद्दा अगदी रास्त आहे. ज्या परगण्यात मालक नसलेल्या दुकानांचा धंदा काचेवर जोरात चालला होता, तिथं तो सुचावा हे मला शुभ वाटतं. त्याच परिषदेत अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यातल्या महाकाय व्यापार कराराची बोलणी सुरू होत असल्याची घोषणा झाली. ती बोलणी २०१६ च्या अखेरीस थंडावली. करार झाला नाही, भिंती मात्र रंगल्या होत्या.

पोलिसांचं सांगायलाच हवं. लोकवस्ती साधारण ६० हजारांची, त्या परगण्यासाठी सुमारे ८ हजार पोलिसांची तजवीज झाली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरून हजारो जादा पोलीस आणले. रिसॉर्टभोवती मैलोगणती लोखंडी कुंपण उभं राहिलं. धरपकड झालीच तर म्हणून कोठड्या तयार ठेवल्या, न्यायालयांची व्यवस्था लावली. मोर्चा निघाला तो साधारण दोन हजारांचा, तोही शांततेत. ऊन छान पडलं होतं. पोलिसांना काम असं फारसं उरलं नाही.

एवढा बंदोबस्त वाया गेला म्हणून खंत करणाऱ्यांना एन्निस्किलनचा इतिहास ठाऊक नसावा. फर्मॅनाचं हे मुख्य शहर. ८ नोव्हेंबर १९८७ ला, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणासाठी लोक जमले असताना तिथं बाँब फुटला. ११ माणसं मेली. आणखी एक गृहस्थ तेरा वर्षं बेशुद्धीत राहून गेले. जगानं या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते असं. पंचवीस वर्षांनंतर त्याच परिसराचं नाव जगानं पुन्हा ऐकलं, ते काचेवर चिकटवलेल्या मांसाच्या चित्रामुळे. ओबामा आणि कॅमरन एन्निस्किलनच्या ज्या प्राथमिक शाळेत गेले, तिथं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलं एकाच वर्गात बसतात. रक्ताच्या बातमीपासून हसण्याच्या बातमीपर्यंतचा प्रवास करायला ३ लाख पौंड लागत असतील, तर ते स्वस्त आहे. मी तर म्हणेन, शांतता खरोखर रुजल्याची याहून मोठी खूण दुसरी नाही. जिथं माणसं मरत असतात तिथं रिकाम्या दुकानाची लाज वाटायला कुणाला सवड नसते.

मुळात या परिषदा रानावनात का जातात? पहिलीच परिषद, १९७५ च्या नोव्हेंबरात, पॅरिसजवळच्या रांबुयेच्या किल्ल्यात भरली होती. सहा देशांच्या प्रमुखांनी गर्दीपासून दूर, निवांत बोलावं ही तिची कल्पना. पुढे जत्रा वाढत गेली. जुलै २००१ मध्ये इटलीतल्या जिनोआ शहरात परिषद भरली तेव्हा कार्लो जुलिआनी हा २३ वर्षांचा तरुण पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. त्यानंतर यजमान देशांनी शहरांचा धसका घेतला. पुढल्याच वर्षी कॅनडानं रॉकी पर्वतातलं कॅनॅनस्किस निवडलं, जर्मनीनं २००७ साठी बाल्टिक समुद्राकाठचं हायलिगेनडाम आणि बारा किलोमीटरचं कुंपण निवडलं, २०१५ साठी बव्हेरियाच्या डोंगरातलं एल्माऊ. गावाची निवड गावासाठी होत नाही. तिथं फार कुणी राहत नाही, एवढीच त्याची पात्रता. हे कटू आहे. पण ज्या कारणानं गावाला आजवर काहीच मिळालं नाही, नेमक्या त्याच कारणानं त्याला एकदा सगळं मिळतं, ही खुळेपणाची किमया आहे आणि तिच्यापुढे मी नतमस्तक आहे.

ही किमया सर्वांत भरभरून कुठं दिसली असेल, तर कॅनडातल्या मस्कोका भागात, २०१० मध्ये.

ऑन्टारिओ प्रांतातल्या हंट्सव्हिल नावाच्या, जेमतेम १९ हजार वस्तीच्या गावात जी-८ भरवायचं पंतप्रधान स्टीव्हन हार्पर यांनी २००८ मध्येच जाहीर केलं होतं. तळी, जंगल, लाकडी घरं, उन्हाळ्यात टोरान्टोहून येणारे सुट्टीकर, असा तो मुलूख. मध्येच आर्थिक संकट आलं, जी-२० चं महत्त्व वाढलं आणि त्याचीही परिषद कॅनडानं त्याच आठवड्यात घ्यायची ठरली. एवढा लवाजमा हंट्सव्हिलमध्ये मावेना. म्हणून २५ आणि २६ जूनला जी-८ जंगलात, २६ आणि २७ जूनला जी-२० टोरान्टोत. दोन्ही मिळून संसदेनं सुमारे १.१ अब्ज डॉलर मंजूर केले. पुढे खर्च त्याहून बराच कमी झाला, हेही नोंदवायला हवं.

पत्रकार टोरान्टोत राहिले. मस्कोका तिथून सुमारे दोनशे किलोमीटर. तेव्हा सरकारनं मस्कोकाच पत्रकारांकडे आणायचं ठरवलं. प्रदर्शनाच्या एका भव्य दालनात १९ लाख डॉलर खर्चून कॅनडाचा अनुभव देणारा मंडप सजला आणि त्यात एक तळं बांधलं गेलं. तळ्याचा खर्च ५७ हजार डॉलर. पाणी काही इंच खोल. काठावर लाकडी धक्का, त्यावर मस्कोकातल्यासारख्या पसरट लाकडी खुर्च्या, होड्या, मागे पडद्यावर उत्तरेकडचा निसर्ग, आणि ध्वनिक्षेपकातून लून पक्ष्याची हाक. या दालनापासून चालत जाण्याच्या अंतरावर ऑन्टारिओ सरोवर आहे, जे जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत मोडतं.

विरोधी पक्षानं संसदेत आकाशपाताळ एक केलं. खऱ्या सरोवराशेजारी खोटं तळं कशाला, असा प्रश्न. प्रश्न विचारणाऱ्यांनी पत्रकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं नाही. खऱ्या सरोवराकडे जायला सुरक्षा कडं ओलांडावं लागतं, परत येताना पुन्हा तपासणी, तोवर पत्रकार परिषद आटोपलेली. दालनातल्या तळ्याला तपासणी नव्हती. दिवसभर कागदांवर मान घालून बसलेल्या माणसाला पाण्याकाठी पाच मिनिटं बसावंसं वाटतं, हे ज्याच्या लक्षात आलं तो माणूस खुळा असेल, पण कनवाळू होता.

आणि मस्कोकाच्या लोकांना काय मिळालं? इथं मला मुद्द्याचं बोलायचंय.

परिषदेच्या निमित्तानं त्या भागासाठी ५ कोटी डॉलरचा वारसा निधी ठेवला गेला. त्यातून ३२ कामं झाली. हंट्सव्हिलला १ कोटी ६७ लाख डॉलरचं सभा-क्रीडा केंद्र मिळालं, बर्फावरच्या हॉकीच्या मैदानासह. परिषदेच्या जागेपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या ऑर्व्हिलमध्ये १ लाख डॉलरच्या कामातून बागेतली छत्री उभी राहिली, लोक संध्याकाळी बसतात तसली. आणि बेझव्हिल नावाच्या गावात २ लाख ७४ हजार डॉलर खर्चून सार्वजनिक स्वच्छतागृह बांधलं गेलं. परिषद तिथून सुमारे वीस किलोमीटरवर. आठ राष्ट्रप्रमुखांपैकी कुणीही तिकडे वळण्याची शक्यता नव्हती.

याच स्वच्छतागृहावरून देशभर खिल्ली उडाली. माझं उलट म्हणणं आहे. बेझव्हिलला स्वच्छतागृह शहाण्या वाटेनं कधी मिळालं असतं, याचा विचार करून पाहा. शहाणी वाट म्हणजे मागणीचा अर्ज, लोकसंख्येचा निकष, प्राधान्ययादी, पुढल्या वर्षीचं अंदाजपत्रक, मग त्याच्याही पुढचं. लहान गाव निकषात बसत नाही, कारण निकष मोठ्या गावांत बसून लिहिलेले असतात. उन्हाळ्यात तळ्यावर आलेल्या म्हाताऱ्या बाईला आडोसा मिळावा, ही गोष्ट कुठल्याही प्राधान्ययादीत पहिल्या पानावर येत नाही. खुळेपणानं निकष विचारला नाही. ओबामा येताहेत, मग बेझव्हिलला स्वच्छतागृह हवं, एवढाच त्याचा तर्क. तर्क चुकीचा होता. स्वच्छतागृह मात्र बरोबर जागी उभं राहिलं.

आता कुणी म्हणेल की या निधीत मोठी गडबड होती. होती. महालेखापरीक्षकांचा २०११ च्या जूनमधला अहवाल त्यावर स्पष्ट आहे. संसदेकडे हे पैसे मागताना ते सरहद्दीवरच्या पायाभूत सुविधांच्या निधीखाली दाखवले गेले, आणि हंट्सव्हिल काही सरहद्दीवर नाही. ३२ कामं कशी निवडली याचा कागद लेखापरीक्षकांना मिळाला नाही. निवड स्थानिक खासदार आणि तेव्हाचे उद्योगमंत्री टोनी क्लेमंट यांच्या पुढाकारानं, गावाचे महापौर आणि परिषद भरली त्या रिसॉर्टचे व्यवस्थापक यांच्या सल्ल्यानं झाली. क्लेमंट पुढे २०११ मध्ये सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्या खात्याचे मंत्री झाले.

पण यातला खुळेपणा कोणता आणि हुशारी कोणती, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे. स्वच्छतागृह बांधणं हा खुळेपणा. ते सरहद्दीच्या नावाखाली लपवणं ही हुशारी. बागेत छत्री उभारणं खुळेपणा. कागद न ठेवणं हुशारी. टोरान्टोत दालनात तळं बांधणं खुळेपणा. त्याच शहरात त्या दोन-तीन दिवसांत अकराशेहून अधिक माणसांना पकडणं, त्यातल्या बहुतेकांवर पुढे काहीच सिद्ध न होणं, शेकडो लोकांना भर पावसात चौकात तासन्‌तास कोंडून ठेवणं, ही मात्र हुशार माणसांनी नकाशे पसरून आखलेली गोष्ट. खुळ्या माणसाला तेवढी शिस्त साधत नाही. या परिषदांवर जितका राग आहे तो सगळा हुशारीचा हिशेब आहे आणि तो दरवेळी बिचाऱ्या खुळेपणाच्या माथी मारला जातो. तळ्याला हसायचं आणि कोंडलेल्या माणसांना विसरायचं, हा त्या हसण्याचा खरा तोटा.

हा फरक आपल्याही दारात येऊन गेलाय. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी पाहुणे मुंबईत आले तेव्हा त्यांच्या वाटेवरच्या झोपडपट्ट्यांपुढे कापडं आणि फलक लावून त्या झाकल्या गेल्या. ती हुशारी होती. बेल्कूत रिकाम्या जागी दुकान दाखवलं, मुंबईत भरलेल्या घरांच्या जागी काहीच नाही असं दाखवलं. त्या घरांत माणसं होती, चुली पेटत होत्या, पोरं शाळेत जात होती. पडद्यावर त्यांचं चित्र काढायचा खुळेपणासुद्धा कुणाला सुचला नाही. याउलट जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात बैठक झाली तेव्हा रस्त्यांची डागडुजी झाली, भिंतींवर चित्रं निघाली, दुभाजकांत झाडं लागली. पुणेकरांनी टोमणे मारले आणि त्याच गुळगुळीत रस्त्यावरून गाड्या हाकल्या. तो खुळेपणा, आणि मला तो मान्य आहे.

मात्र त्या वर्षीच्या भारतातल्या दोनशेहून अधिक बैठकांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आल्या त्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. केरळनं कुमारकोम हे गाव पुढे केलं, गुजरातनं कच्छच्या रणातलं धोर्डो. आपण सगळा खुळेपणा महानगरपालिकांच्या हद्दीत संपवला. जिथं रस्ते आधीच आहेत तिथं ते दुसऱ्यांदा केले.

म्हणून माझी कळकळीची मागणी आहे. पुढची कुठलीही मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भारताच्या वाट्याला आली, तर महाराष्ट्रानं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्याचं नाव पाठवावं. परिषदांना जे लागतं ते सगळं तिथं आहे. सातपुड्याचे डोंगर आहेत, तोरणमाळचं थंड पठार आहे, यशवंत तलाव आहे, तोही खऱ्या पाण्याचा. गर्दी नाही. निदर्शकांना पोहोचायला अवघड आहे, हे तर सुरक्षा यंत्रणांना विशेष आवडेल. कारण त्या डोंगरातल्या कितीतरी पाड्यांवर अजून रुग्णवाहिकाही पोहोचत नाही. अडलेल्या बाईला बांबूला झोळी बांधून चौघे खांद्यावरून खाली आणतात. तिथले लोक त्याला बांबूलन्स म्हणतात आणि हे नाव त्यांनी हौसेनं ठेवलेलं नाही.

आरोग्य केंद्र आणि रस्ता यांसाठी त्या पाड्यांनी शहाण्या वाटेनं जेवढं करता येतं तेवढं केलंय. अर्ज दिलेत, मोर्चे काढलेत, ग्रामसभेचे ठराव केलेत. आता खुळेपणाला संधी द्यावी. राष्ट्राध्यक्षाच्या ताफ्याला डांबरी रस्ता लागतो, हेलिपॅड लागतं, चोवीस तास वीज लागते. मोबाईलला रेंज लागते, आणि अर्ध्या तासाच्या आत गाठता येईल असं सुसज्ज रुग्णालय लागतं, ज्यात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हजर असतो. यातली एकही गोष्ट पाड्यांच्या नावानं मागू नये, ताफ्याच्या नावानं मागावी. फाईल एका आठवड्यात हलेल. कोणी विचारलं की धडगावला एवढं कशाला, तर सांगावं की पाहुणे येताहेत. हवं तर रस्त्याकडेच्या बंद आश्रमशाळेच्या भिंतीवर मुलांनी गच्च भरलेल्या वर्गाचं चित्रही लावू द्यावं. निदान तिथं काय हवं ते अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या आकारात येईल.

फक्त तारखेच्या बाबतीत मी आडमुठेपणा करीन. या परिषदा बहुधा जूनच्या प्रसन्न हवेत घेतात. ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी. तेव्हा सातपुड्यात पाऊस मुसळधार असतो, ओढे-नाले दुथडी वाहतात आणि पाडे आठवडा-आठवडा तुटलेले असतात. त्या दिवसांत ताफा न्यायचा तर लाकडी साकवावर भागणार नाही, दरडीखालच्या कच्च्या वाटेवर तर नाहीच. प्रत्येक नाल्यावर पुराच्या पातळीच्या वर, काँक्रीटचा, दुपदरी पूल बांधावा लागेल, आणि तो आदल्या उन्हाळ्यातच पुरा करावा लागेल.